दोन अक्षरांनी मला समुद्रात टाकले

मित्रांनो, मला शार्क म्हणा, बाजारातल्यासारखे मुशी म्हणा, मुलांनी ठेवलेल्या नावाने मिचमिचडोळी म्हटलेत तरी मी रागावणार नाही. फक्त मला समुद्राची म्हणू नका. मी नदीची आहे. नदीत जन्मले, नदीतच वाढू लागले आणि आता कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या कपाटात, काचेच्या एका जुन्या बरणीत उभी आहे. माझे आयुष्य आठ दिवसांचे आणि नोकरी चौतीस वर्षांची. दोन्हींबद्दल माझी तक्रार नाही. देणाऱ्याने जेवढे दिले तेवढे मी ओंजळ पसरून घेतले. पण माझ्या बरणीवर एक चूक चिकटून बसली होती आणि तिच्यापायी माझ्या मागे राहिलेल्या भावंडांचे घर जाणार होते. ती चूक कशी निघाली, ते तुम्हाला सांगते.

आम्ही नदीतल्या शार्क मुळातच मोजक्या. आम्ही सावकाश वाढतो, उशिरा आई होतो आणि एका वेळी थोडीच पिल्ले देतो. माझी आई भरतीच्या पाण्याबरोबर नदीत शिरली आणि मोठ्या वळणावरच्या डोहात आली. तिथे तळाला वाळू आहे, पाणी गढूळ आहे आणि मोठा मासा सहसा फिरकत नाही. तिथे तिने आम्हाला जन्म दिला. हो, अंड्यातून नव्हे. तुमच्यासारखीच नाळ घेऊन आम्ही जगात येतो. जन्म देऊन आई निघून गेली. तिला दगडाच्या काळजाची म्हणू नका. शार्कची आई दूध पाजत नाही, घास भरवत नाही. ती एकच गोष्ट करते, बाळासाठी जागा नीट निवडते. तिची माया ती तेवढी, पण ती चोख असते.

माझे डोळे मोहरीएवढे आहेत म्हणून लोक मला आंधळी समजतात. गढूळ पाण्यात टपोरे डोळे घेऊन करायचे तरी काय? माझ्या नाकाडावर बारीक छिद्रे आहेत. जिवंत प्राण्याच्या अंगातून इवलीशी वीज निघत असते, ती मला त्या छिद्रांतून कळते. चिखलात दडलेली कोळंबी मी न पाहता शोधत असे. पहिल्या आठवड्यातच मी पोटापुरती शिकार शिकले होते. आठव्या दिवशी मी बोटभर लांबीचा एक चंदेरी मासा गिळला आणि त्याच आनंदात पुढे गेले. पुढे जाळे होते.

माझ्या जातीला श्वासासाठी पोहत राहावे लागते. जाळ्यात हालचाल थांबली की श्वास थांबतो. ओहोटी लागली आणि तांडेलाने जाळे ओढले, तेव्हा मी संपले होते. तांडेल म्हणजे होडीचा कारभारी. ऐन पन्नाशीतला, रुंद हातांचा माणूस होता तो. त्याने मला तळहातांवर घेतले आणि उलटे केले.

"अरेरे! हिची तर नाळसुद्धा वाळली नाही," तो म्हणाला.

होडीत त्याचा धाकटा भाऊ होता. तो म्हणाला, "दादा, टाक टोपलीत. मुशी ती मुशी. बाजारात कोण नाळ बघायला बसलंय?"

"नदीत मुशी कधी पाहिलीस तू?"

"आत्ता पाहिली ना!"

भाऊ हसला, पण तांडेल हसला नाही. माझ्यासारखी किती पिल्ले त्या टोपलीतून बाजारात गेली असतील, कोण जाणे. तिथे सगळ्या लहान शार्कना मुशी हे एकच नाव. कापल्यावर कोण नदीची आणि कोण समुद्राची, हे सुरीलाही कळत नाही. तांडेलाने मात्र मला ओल्या पोत्यात गुंडाळले आणि थेट कॉलेजात नेले.

प्रयोगशाळेतले सर शिस्तीचे होते. त्यांचे अक्षर मोत्यासारखे होते. त्यांनी मला पाण्याने धुतले, पट्टीने मोजले, सुईने पोटात औषध टोचले आणि दौत उघडली.

"कुठं मिळाली?"

"आत," तांडेल म्हणाला.

"किती आत?"

"खूप आत. होडीनं दोन तास लागतात."

सरांनी मान डोलावली आणि सुंदर अक्षरात चिठ्ठी लिहिली : "मुशी, पिल्लू. खोल समुद्र, किनाऱ्यापासून होडीने दोन तास. माहिती मच्छीमाराच्या तोंडून."

मित्रांनो, झाले ते एवढेच. सर शहरातले. त्यांच्याकडे किनाऱ्यावर पोरे पाण्यात उतरली की आया ओरडतात, "आत जाऊ नकोस रे, खोल आहे!" तेव्हा त्यांच्या लेखी आत म्हणजे समुद्रात. तांडेलाचे घर नदीच्या मुखाशी. त्याच्याकडे समुद्राला बाहेर म्हणतात आणि नदीत वर जायचे असले की म्हणतात, आत चाललो. दोघेही खरे बोलले, दोघेही मराठीच बोलले आणि दोन अक्षरांच्या एका शब्दाने मला नदीतून उचलून समुद्रात टाकले. मी सारे ऐकत होते. पण बरणीतल्या माशाला विचारतो कोण?

मग माझी नोकरी सुरू झाली. पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. परीक्षेच्या दिवशी मला मधल्या टेबलावर मांडत. "ओळखा आणि तीन खुणा लिहा," असा प्रश्न असे. मुले काचेला नाक लावून माझ्याकडे बघत. एका मुलीला काहीच आठवेना, तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाई गं, तूच लिही ना!" मला लिहिता आले असते तर मी सगळ्यात आधी माझी चिठ्ठी खोडली असती.

पुढे नवी रंगीत चित्रे आली, प्लास्टिकचे नमुने आले. मी मागच्या फळीवर गेले, हात तुटलेल्या सांगाड्याच्या पाठीमागे. बरणीचे झाकण तडकले. औषध उडून खाली गेले आणि माझे शेपूट कोरडे पडू लागले. तशीच मी भुसभुशीत होऊन गेले असते, पण त्या वर्षी प्रयोगशाळेत नव्या मदतनीस बाई लागल्या. विद्यार्थी त्यांना बरणीताई म्हणतात. त्यांचा एक नेम आहे. सकाळी आल्यावर चहा घेण्याआधी त्या प्रत्येक बरणी कोरड्या फडक्याने पुसतात, औषधाची पातळी बघतात आणि कमी असेल तिथे भर घालतात. तीस वर्षांत तो नेम चुकलेला मी पाहिला नाही. अंगात ताप असला तरी त्या येत आणि म्हणत, "यांना कुठं कळतं मला ताप आहे ते!"

बरणीताई त्या तांडेलाचीच मुलगी.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी चिठ्ठी वाचली आणि फडके हातातच राहिले. घरी त्यांचे बाबा वेगळेच सांगत. नदीच्या मोठ्या वळणात शार्क वितात, मी स्वतः पिल्लू कॉलेजात दिले, असे ते चहाच्या टपरीवर छातीठोकपणे सांगत आणि टपरी हसून लोळे. "नदीत शार्क? तांडेल, उद्या म्हणाल विहिरीत देवमासा निघाला!" त्यांचे नाव थापाडे तांडेल पडले ते कायमचेच. आणि इथे सरांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेले होते, "खोल समुद्र, मच्छीमाराच्या तोंडून." बरणीताईंना वाटले, बाबांनी सरांना खरे सांगितले आणि गावाला थाप मारली. त्या कोणालाच काही बोलल्या नाहीत. माझी काच मात्र त्या दिवशी त्यांनी दोनदा पुसली.

अशी तीस वर्षे गेली. सर निवृत्त झाले, पुढे देवाघरी गेले. त्यांच्या जागी आता एक तरुण मॅडम आहेत. त्यांना प्रत्येक गोष्टीत "असं का?" म्हणायची खोड आहे. आणि यंदा एका मंगळवारी पाहणीचे साहेब आले.

मोठ्या वळणावर वाळू उपसायचे पंप बसणार होते. असा पंप तळाची वाळू नळीने शोषून घेतो. वाळूबरोबर कोळंबी, लहान मासे, त्यांची अंडी, सगळेच वर येते आणि डोह खरवडलेल्या पातेल्यासारखा उघडा पडतो. माझ्या आईने निवडलेली जागा ती हीच. त्या डोहात दुर्मीळ असे काही राहते का, हे शुक्रवारपर्यंत लिहून द्यायचे साहेबांचे काम होते. ते घाम पुसत आत आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मॅडम, नदीच्या मुखाशी एक म्हातारे भेटले. म्हणे डोहात शार्क आहेत. तुमच्याकडे काही पुरावा?"

मॅडमनी मला बाहेर काढले. साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि सुस्कारा सोडला.

"ही समुद्रातली. मग काय, विषयच मिटला."

"थांबा हो," मॅडम म्हणाल्या. त्या वाकून माझ्याकडे बघत राहिल्या. "हिचे डोळे एवढे बारीक का? खोल समुद्रातल्या मुशीचे मी पाहिलेत, चांगले टपोरे असतात. आणि पाठीवरचा मागचा पर बघा केवढा मोठा आहे. बरणीताई, ही कुणी आणून दिली?"

बरणीताईंनी फडक्याची घडी घातली, पुन्हा मोडली. "माझ्या बाबांनी."

"अगं बाई! मग त्यांनाच विचारू या की."

"नको मॅडम." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "ते म्हातारे साहेबांना भेटले ते बाबाच. त्यांना... जरा वाढवून सांगायची सवय आहे."

मित्रांनो, चौतीस वर्षांत मला सुई टोचली, झाकण तडकले, शेपूट वाळले. त्यातले काहीही मला एवढे लागले नाही. एका खऱ्या माणसाला त्याची पोटची लेक खोटे म्हणत होती आणि त्याला कारण माझ्या बरणीवरची चिठ्ठी होती.

पण मॅडमच्या "असं का?" पुढे कोणाचे चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब पुन्हा आले आणि तांडेलही आले. आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे. हातात काठी, अंगात इस्त्रीचा सदरा, कानाला थोडे कमी ऐकू येते. त्यांनी मला पाहिले आणि काचेवर बोट ठेवले.

"आहेस होय अजून? माझ्या आधी म्हातारी झालीस की!"

साहेबांनी मोठ्याने विचारले, "काका, ही कुठं मिळाली?"

"आत."

"बघा," साहेब मॅडमकडे वळले. "इथंही तेच लिहिलंय. आत, समुद्रात."

"काय लिहिलंय?" तांडेलांनी कानावर हात धरला. बरणीताईंनी जवळ जाऊन चिठ्ठी वाचून दाखवली. खोल समुद्र, होडीने दोन तास, मच्छीमाराच्या तोंडून. म्हातारे गोंधळून एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले.

"समुद्र? समुद्र कुणी सांगितला? अहो, समुद्र बाहेर असतो! मी सांगितलं आत." त्यांनी काठी उचलली आणि खिडकीतून नदी जिकडून येते तिकडे रोखली. "आत! मोठ्या वळणावर! घरातून माणूस बाहेर जातो आणि घरात आत येतो. त्या बिचारीची आई घरी आली होती हो बाळंतपणाला."

बरणीताईंनी चिठ्ठीवरच्या समुद्र या शब्दावर बोट ठेवले.

"बाबा, तुम्ही सरांना आतच म्हणाला होतात?"

"मग काय! तीनदा विचारलं असतं तर तीनदा आतच म्हणालो असतो."

साहेब कपाळ खाजवत राहिले. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा होता. "काका, मला पटतंय. पण नुसत्या शब्दावर अहवाल बदलत नाही. ही नदीतलीच, हे दाखवायचं कसं?"

मॅडम माझ्याभोवती एक चक्कर मारून आल्या. मग हळूच म्हणाल्या, "हिच्या पोटात काय आहे, ते अजून कुणी पाहिलेलं नाही."

सगळ्यांनी बरणीताईंकडे बघितले. मला कापायचे, म्हणजे त्यांनी तीस वर्षे जपलेली वस्तू फाडायची. तुम्ही म्हणाल, मी घाबरले असेन. मुळीच नाही. माणसे गुपित पोटात ठेवतात, मी साक्ष ठेवली होती. कधी एकदा विचारतात, असे मला झाले होते. बरणीताईंनी मला अलगद बाहेर काढले, ट्रेमध्ये ओल्या कापडावर ठेवले आणि देवाला हात जोडावेत तसे क्षणभर माझ्यापुढे हात जोडले. मग सुरी स्वतः मॅडमच्या हातात दिली.

"सांभाळून कापा. आणि नंतर शिवायला मला द्या."

मॅडमनी नाळेचा वण आधी साहेबांना दाखवला. "हे बघा, नाळ भरलेली नाही. म्हणजे जन्माला जेमतेम आठवडा झालेला." मग पोट उघडले. आत एका माशाचा विरघळलेला लगदा होता, त्यात चिमूटभर चंदेरी खवले होते आणि तांदळाच्या कणीहून बारीक दातांची एक जोडी होती. मॅडमनी ते दात भिंगाखाली धरले आणि त्यांचा चेहराच उजळला.

"हे घशातले दात आहेत साहेब. बोटभर चंदेरी मासा. हा गोड्या पाण्यातच राहतो, समुद्रात टाकलात तर तासभरही जगायचा नाही. आठवड्याचं बाळ हा मासा खायला समुद्रातून येणार होतं का?"

साहेबांनी भिंगातून बराच वेळ पाहिले. मग खिशातून पेन काढले आणि उभ्या उभ्याच लिहायला लागले. लिहिता लिहिता म्हणाले, "काका, एवढी वर्षं हे तुम्ही एकट्यानंच सांगत होता?"

"सांगत होतो आणि पाळतही होतो," तांडेल म्हणाले. "ही गेली माझ्या जाळ्यात. त्यानंतर पिल्लांच्या दिवसांत मी मोठ्या वळणावर जाळं टाकलं नाही. भाऊ म्हणायचा, दादा, वेडा झालास. म्हटलं, असू दे. नेम म्हणजे नेम. लोकांनी खरं मानलं नाही म्हणून आपण खोटं वागायचं का?"

बरणीताई तेव्हा माझे पोट बारीक टाके घालून शिवत होत्या. त्यांचे टाके वाकडे जाऊ लागले. "बाबा, मीसुद्धा तुम्हाला..."

"माहीत आहे गं. तुझ्या हातचं जेवतो, तुझा चेहरा वाचता येत नाही होय मला? आधी टाका नीट घाल. ती बघते आहे."

शुक्रवारी अहवाल गेला. पुढे दोन महिने कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले आणि शेवटी पंप मोठ्या वळणावर बसणार नाहीत, असे ठरले. मच्छीमारांच्या संस्थेने सभा घेतली आणि पिल्लांच्या दिवसांत डोहात जाळे टाकायचे नाही, असा ठराव केला. सभेत कोणीतरी विचारले म्हणे, "तांडेल, आणि विहिरीतल्या देवमाशाचं काय झालं?" म्हातारे म्हणाले, "त्याच्यासाठी बरणी शिवायला टाकली आहे, मापाची मिळत नाही!" त्या दिवशी टपरी पुन्हा हसून लोळली, पण या वेळी त्यांच्याबरोबर.

साहेब नंतर एकदा येऊन गेले. जाता जाता म्हणाले, "आणखी एखादा नमुना मिळाला असता, तर नोंद अजून पक्की झाली असती." बरणीताई कधी कोणाला उलट बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. "साहेब, एकीचं पोट फाडून तुमचं पोट भरलं नाही का?" साहेब कान पकडून हसले.

मागच्या आठवड्यात मॅडम धावत आल्या आणि मोबाइल माझ्या काचेला लावला. तांडेलाच्या पुतण्याने पाठवलेला फोटो होता. वळणाच्या खालच्या अंगाला त्याच्या जाळ्यात एक पिल्लू आले होते. त्याने ते पाण्याबाहेर न काढता फोटो घेतला, जाळ्याचे दोन फास कापले आणि पिल्लू सोडून दिले. मोहरीएवढे डोळे, नाळेचा ओला वण. अगदी माझा चेहरा. फक्त एकच फरक होता, ते निघून चालले होते.

मित्रांनो, आमच्या वाटेतले सगळे काटे निघाले, असे मी म्हणणार नाही. नदीत घाण येतेच, बारीक आसाची, म्हणजे अगदी लहान छिद्रांची, जाळी आहेतच, बाजारात अजूनही सगळ्यांना एकच नाव आहे. पण मला काळजीपेक्षा भरवसा जास्त आहे, कारण काय करायचे ते फार अवघड नाही. जाळ्यात अनोळखी जीव आला तर टोपलीत टाकण्याआधी त्याला नीट बघा. जिवंत असेल तर पाण्यातच सोडवा. नदीवर राहणारी माणसे काही सांगत असतील, तर त्यांचा शब्द त्यांच्याच अर्थाने समजून घ्या, आणि लिहिण्याआधी आणखी एकदा विचारा. एक प्रश्न जास्त विचारल्याने कोणाचे काही जात नाही. न विचारल्याने माझी चौतीस वर्षे गेली.

आता मी पुढच्या फळीवर आहे. माझ्या शेजारी आणखी एक बरणी मावेल एवढी जागा मोकळी आहे. बरणीताई रोज सकाळी तीही पुसतात. ती जागा तशीच मोकळी राहू द्या.